मराठवाड्यातून चार दिवसांच्या राफ्टिंगला निघताना: नदी आधी नाही, गडी आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबाजोगाईत एकत्र शिकलेले तुम्ही आठ जण, आता कोणी लातूरला, कोणी बीडला, दोघं छत्रपती संभाजीनगरला. वयं पस्तीस ते बेचाळीस. दिवाळीनंतर चार दिवस काढून राफ्टिंग करायचं आणि नदीकाठी तंबूत राहायचं असा बेत आहे. तिघांना अजिबात पोहता येत नाही, एक जण विहिरीत पोहून तयार झालेला आहे, एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि तुम्ही विचारताय की पैठणहून गोदावरीतून नांदेडपर्यंत राफ्टने जाता येईल का, आणि ते जमत नसेल तर ऋषिकेश चांगलं की लडाख.

मी मूळचा परभणीचा. हिवाळ्यात ऋषिकेश-देवप्रयागच्या पट्ट्यात राफ्टवर असतो, आधी गाइड म्हणून आणि आता गट घेऊन जाणारा म्हणून. पावसाळ्यात आपल्याकडे गोदाकाठच्या तरुणांना दोर, लाइफ जॅकेट आणि पुराच्या पाण्यातला बचाव शिकवतो. म्हणजे तुम्ही विचारलेल्या दोन्ही पाण्यांशी माझा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न नदीचा दिसत असला तरी खरी अडचण वेगळी आहे. आठ जणांची पाण्याची ओळख तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर आहे आणि सगळ्यांना एकाच बोटीत, एकच मजा हवी आहे. अशा गटात नेहमी असं होतं की ज्याला सगळ्यात जास्त हौस असते तो नदी ठरवतो आणि ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते तो गप्प बसतो. मित्रांसमोर ‘मला नको’ म्हणणं चाळिशीतही जड जातं. मी गट बांधताना उलट्या टोकाने सुरुवात करतो: पाण्याला सगळ्यात बुजणारा कोण, त्याला काय झेपेल, आणि त्यातून नदी आणि टप्पा कोणता निघतो. तसं केलं तर बाकीच्या सात जणांची मजा कमी होत नाही, कारण राफ्ट आठ जणांच्या वल्ह्यांवर चालते आणि भेदरलेला एक जण ऐन लाटेत वल्हं सोडून बसला तर सगळ्यांचीच दिशा जाते.

गोदावरीचं आधी मिटवू. पैठण ते नांदेड हा पट्टा राफ्टिंगचा नाही, आणि याचं कारण भूगोलातच आहे. खळाळतं पाणी तयार व्हायला उतार लागतो, अरुंद घळ लागते, पात्रात मोठे खडक लागतात. आपल्या पठारावर गोदावरी रुंद आणि संथ आहे. वर जायकवाडी आहे, आणि खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे एकापाठोपाठ करत विष्णुपुरीपर्यंत पाणी अडवलेलं आहे. दिवाळीनंतर हे बंधारे भरलेले असतात तेव्हा नदी म्हणजे लांबच लांब तळ्यांची ओळ होते. तिथे चार दिवस वल्हवत राहाल, पण एकही लाट भेटणार नाही, आणि प्रत्येक बंधाऱ्यापाशी बोट खांद्यावर घेऊन काठाने उतरवावी लागेल.

गोदावरीला खरा वेग असतो तो जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर, आणि तेव्हा तर पाण्यात उतरायचंच नाही. हे मी ठासून सांगतो, कारण दर पावसाळ्यात कोणीतरी ट्रकची ट्यूब नाही तर थर्माकोलचा तराफा घेऊन ‘एक चक्कर मारू’ म्हणतं. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं तिथे पायथ्याशी ते रवीने घुसळल्यासारखं गोल फिरतं. वरचा थर पुन्हा बंधाऱ्याकडे ओढला जातो. त्यात सापडलेला माणूस वर येतो, परत भिंतीकडे जातो, परत खाली दाबला जातो. फेसात हवा भरलेली असल्यामुळे जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही. वरच्या बाजूने येताना हे काही दिसत नाही, फक्त पाण्याची एक सरळ आडवी रेघ दिसते. त्यातच काठच्या बाभळी बुडालेल्या असतात. फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस तिथेच अडकतो. जगभरात राफ्टिंग करणारे लोक मोठ्या लाटांपेक्षा या दोन गोष्टींना जास्त भितात. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाबद्दलही लोक विचारतात. पैनगंगेचा तो धबधबा बघण्यासारखा आहे, जरूर बघा, पण तो बोट घालायची जागा नाही.

मग जायचं कुठे? पाणी किती अवघड आहे ते ग्रेड १ ते ६ असं मोजतात. १ म्हणजे जवळजवळ संथ, ६ म्हणजे व्यावसायिक सहलींसाठी बंद. तुमच्या गटासाठी पहिल्या खेपेला ग्रेड ३ ही माझी वरची मर्यादा आहे. चारच्या आसपासचं एखादं रॅपिड (खळाळत्या पाण्याची जागा) वाटेत आलं तर नको असेल त्याने काठाने चालत ते पार करावं. हा आकडा नदीच्या नावाला कायमचा चिकटलेला नसतो, हेही ध्यानात ठेवा. पाणी वाढलं की काही रॅपिड बुडून सोपी होतात आणि काही तिथल्या तिथे एक पायरी वर चढतात. म्हणून मी गटाला कधीच ‘अमुक नदी सोपी आहे’ असं सांगत नाही. ‘या महिन्यात, एवढ्या पाण्याला, हा टप्पा सोपा आहे’ असं सांगतो.

लडाखची झंस्कार नदी दिवाळीला होत नाही. तिचा हंगाम जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. खोल घळीतून कित्येक दिवस जाणं, हिमनद्यांचं पाणी, शिवाय उंचीवरची विरळ हवा. पहिली सहल म्हणून रक्तदाब असलेल्या मित्राला मी तिथे नेणार नाही. रोज नव्या वाळूवर तंबू, सगळं सामान बोटीवर, असा खरा भटका मुक्काम हवा असेल तर उत्तराखंडातली काली नदी आहे. जौलजीबीहून टनकपूरपर्यंत, एका काठाला भारत आणि दुसऱ्या काठाला नेपाळ. नोव्हेंबर तिच्यासाठी चांगला महिना. पण सीमेवरची नदी असल्याने परवानग्या लागतात, आणि मधल्या टप्प्यात काही झालं तर मदत लवकर पोहोचत नाही. तिथे न पोहणाऱ्या तिघांना घेऊन जाण्याआधी त्यांनी एक तरी हंगाम पाण्यात काढलेला असावा असं माझं मत आहे. दुसरा एखादा अनुभवी गाइड म्हणेल की चांगली टीम असेल तर पहिल्या खेपेलाही जमतं. तो चुकीचा नसेल. मी मात्र नेत नाही.

तुमच्यासाठी मी ऋषिकेशच्या वरचा गंगेचा पट्टा सुचवेन. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात, तिथून खाली कौडियाला, मरीन ड्राइव्ह, शिवपुरी, ब्रह्मपुरी आणि मग ऋषिकेश. रस्ता जवळजवळ सगळीकडे नदीच्या वरून जातो. ही नदी निवडण्यामागे हेच माझं सगळ्यात मोठं कारण आहे. कोणाचा खांदा दुखावला, कोणी घाबरला, कोणाला ताप आला, तर तो टप्पा सोडून गाडीने कॅम्पवर परतू शकतो आणि बाकीच्यांची सहल चालू राहते. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. नोव्हेंबरात गढूळपणा गेलेला असतो, पाणी हिरवंगार आणि बेताचं असतं.

आता एक गोष्ट जी जाहिरातींत मिळत नाही. बहुतेक सहली वरून खाली आखलेल्या असतात: पहिल्या दिवशी कौडियाला, शेवटी ऋषिकेश. कागदावर छान दिसतं, नदीच्या प्रवाहाबरोबर प्रवास. पण या पट्ट्यातली अवघड रॅपिड वरच्या बाजूला आहेत. कौडियालाच्या खाली ‘द वॉल’ नावाचं रॅपिड आहे, नदी तिथे खडकाच्या भिंतीवर जाऊन आदळते आणि राफ्ट उलटण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. म्हणजे तुमच्या मित्राने ज्या दिवशी पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं त्याच दिवशी त्याच्यासमोर सगळ्यात मोठी लाट. मी नवख्या गटाला उलट्या क्रमाने नेतो. एकाच कॅम्पवर राहायचं आणि रोज गाडीने जरा वर जाऊन खाली यायचं. पहिल्या दिवशी शिवपुरी ते ऋषिकेश, साधारण १६ किलोमीटर, त्यात ‘रोलर कोस्टर’ आणि ‘गोल्फ कोर्स’ येतात आणि तेवढं पहिल्या दिवसाला भरपूर आहे. त्या रात्री सगळे दमलेले आणि खुश असतात. दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्ह ते शिवपुरी. तिसरा दिवस मी मोकळा ठेवतो. पहिल्या दोन दिवसांत गट कसा वागला ते बघून कौडियालाला जायचं की नाही, आणि गेलो तर ‘वॉल’च्या आधी कोण उतरणार, हे ठरवतो. तुमचा चौथा दिवस प्रवासाच्या थकव्यासाठी आणि ऋषिकेशच्या घाटावर बसण्यासाठी ठेवा.

याच्या आधी एक रंगीत तालीम करा, असा माझा आग्रह आहे. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदी आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्रातून खाली सुटतं आणि सकाळी त्यावर राफ्टिंग चालतं. ग्रेड २ ते ३, दोन-अडीच तासांचा प्रवास. संभाजीनगरहून किंवा लातूरहून पुण्यामार्गे ताम्हिणी घाटाने शनिवार-रविवारात होऊन जातं. जे बोलून कळत नाही ते त्या दोन तासांत कळतं: हुकूम ऐकून एकदम वल्हं कोण मारतो, पहिल्या लाटेला डोळे कोण मिटतो, पाण्यात पडल्यावर श्वास कोणाला सावरता येतो. दांडेलीची काली नदी हाही एक पर्याय आहे. तिथलं राफ्टिंग सुपा धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतं, त्यामुळे निघण्याआधी चालू आहे का ते फोन करून विचारा. नाव तेच असलं तरी ती कर्नाटकातली वेगळी नदी आहे.

पोहण्याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण आपल्याकडे याबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ‘पोहता येत नाही म्हणजे राफ्टिंग नाही’ असं काही नाही. चांगलं बसलेलं लाइफ जॅकेट माणसाला तरंगवतं, आणि न पोहणारे लोक गाइडचं मन लावून ऐकतात. जालन्याचा एक गट घेऊन गेलो होतो, त्यात कधीही पाण्यात न उतरलेली एक शिक्षिका होती. पूर्ण सहलीत तिच्याइतकं ठेक्यात वल्हं कोणी मारलं नाही. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून जे सांगितलं ते तिने तंतोतंत केलं.

उलट काळजी मला तुमच्या विहिरीतल्या पट्टीच्या पोहणाऱ्याची वाटते. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून उन्हाळ्यात विहिरीत शिकलेला माणूस दमदार असतो, खोल पाण्याला भीत नाही, उडी टाकायला पुढे असतो. पण विहिरीतलं पाणी त्याला कुठे वाहून नेत नाही. नदीत पडला की त्याचा हात आपोआप काठाच्या किंवा बोटीच्या दिशेने चालायला लागतो, प्रवाहाच्या विरुद्ध. दोन मिनिटांत दम संपतो. दुसरं म्हणजे, पाय टेकले की उभं राहायची सवय. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असताना उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवतं आणि तोंड पाण्याखाली जातं, मग कंबरभर पाणीही पुरतं. त्याला हे दोन्ही आधी सांगून ठेवा, आणि सूर मारायचा नाही, हेही. त्याचा अपमान होणार नाही अशा बेताने सांगा, पण सांगाच.

पाण्यात पडल्यावर काय करायचं ते गाइड सांगेलच, पण तिथे पाच मिनिटांत ऐकलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून घरून पाठ करून या. पाठीवर झोपायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याच्या वर. खडक आला तर पायाने ढकलायचा. श्वास लाटेच्या खोलगट भागात घ्यायचा, माथ्यावर तोंड बंद. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या क्षणी छाती आवळल्यासारखी होते आणि माणूस आपोआप धापा टाकतो. ते मिनिटभरात कमी होतं. तेवढा वेळ फक्त श्वास सांभाळायचा, बाकी काही करायचं नाही. खडकामागे पाणी उलटं फिरून शांत होतं, त्याला एडी म्हणतात. ती दिसली की मग पालथं होऊन जोर लावून तिरकं तिच्याकडे पोहायचं. दोर फेकला तर दोर धरायचा, तो ज्या पिशवीत भरलेला असतो ती नाही. धरल्यावर पाठीवर उलटायचं, दोर छातीशी घ्यायचा, मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही.

हे सगळं तुम्ही घरच्या घरी तपासू शकता. लातूरला किंवा संभाजीनगरला पोहण्याच्या तलावावर ओळख काढा, सकाळच्या कमी गर्दीच्या वेळी दोन जॅकेट घेऊन जा. प्रशिक्षक शेजारी असू द्या. तिघांना जॅकेट घालून उथळ पाण्यात पाठीवर सोडा. तोंडावर पाणी मारा. एकदा तोंड बुडवून वर यायला सांगा. पट्टे सैल असतील तर जॅकेट वर सरकून कानांपर्यंत येतं, तेही तिथेच कळेल: खांद्यांना धरून वर ओढलं तरी हनुवटीच्या वर जाता कामा नये. चार-पाच सकाळी असं केलं की ‘पोहता येत नाही’ या वाक्यातली भीती बरीच उतरते. आणि एखाद्याची नाहीच उतरली, तर तो गाडीने कॅम्पवर येईल, संध्याकाळी बरोबर जेवेल. त्यालाही सहलच म्हणायचं, आणि हे त्याला निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं.

यातूनच गटाचा एक नियम ठरवा: एकाचं ‘नाही’ म्हणजे त्याच्यापुरतं नाही, आणि त्यावर कोणी कारण विचारायचं नाही, थट्टा करायची नाही. पाण्यावर गाइडचा शब्द शेवटचा. काठावर मात्र तुमच्यातला एक जण नेमा, जो डोकी मोजेल, गोळ्या घेतल्या का विचारेल आणि अंधार पडल्यावर पाण्याकडे कोण गेलं यावर लक्ष ठेवेल. आठ जणांत अशी जबाबदारी सगळ्यांची असली की कोणाचीच राहत नाही.

कॅम्पबद्दल. तुमच्या डोळ्यांसमोर नदीच्या वाळूवरचा तंबू आहे, पण कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात वाळूवरच्या कॅम्पवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. आता कॅम्प नदीपासून बाजूला, वरच्या जागेत असतात. कोणी ‘अगदी पाण्याला लागून तंबू देतो’ म्हणत असेल तर परवानगी आहे का ते आधी विचारा. नदीच्या स्वच्छतेचा मुद्दा तर आहेच, पण मला सुरक्षेच्या दृष्टीनेही वरची जागा पसंत आहे. भागीरथीवर टिहरी आणि कोटेश्वर, अलकनंदेवर गढवालमधल्या श्रीनगरचं धरण. विजेची गरज वाढली की पाणी सुटतं आणि खाली नदीची पातळी दिवसभरात वर-खाली होते. पाऊस नसताना, आकाश निरभ्र असताना पाणी चढतं, आणि आपल्या मराठवाडी डोळ्याला ते अनोळखी आहे. आपल्याकडे पाणी सुटायच्या आधी गावोगाव दवंडी, भोंगे, मोबाइलवर निरोप येतात.

जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी फोटो काढायला खडकांवर उतरले होते. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. ते राफ्टिंग करत नव्हते. फक्त कोरड्या खडकांवर उभे होते. मी प्रत्येक गटाला पहिल्या संध्याकाळी हे सांगतो, आणि मग पाण्याच्या कडेला एक काठी रोवून घेतो. तासाभराने सगळे मिळून बघतो की पाणी काठीच्या कुठे आलं. खडकावरची ओली रेघ, वाळूतला ओलसर पट्टा, अडकलेला पालापाचोळा, पाणी कुठवर येऊन गेलंय ते यातून कळतं. त्याच्या खाली बसायचं नाही, चपला ठेवायच्या नाहीत, आणि झोपायचं तर मुळीच नाही.

माझ्या पाहण्यात धोका रॅपिडमध्ये जितका असतो त्याहून जास्त कॅम्पच्या काठावर असतो. रॅपिडमध्ये तुम्ही हेल्मेट आणि जॅकेट घातलेलं असतं, गाइड असतो, मागे कयाकवाला (एका माणसाच्या छोट्या बोटीतला बचाव करणारा) असतो, सगळे सावध असतात. संध्याकाळी जॅकेट काढून ठेवलेलं असतं, गाइड स्वयंपाकाकडे असतो, आणि कोणीतरी म्हणतं, गंगेत एक डुबकी मारू. तिथली वाळू दोन पावलांवर एकदम खोल जाते आणि त्यापलीकडे धार असते. डुबकी घ्यायचीच तर दिवसा, जॅकेट घालून, गाइडने दाखवलेल्या जागी, कंबरेच्या खालच्या पाण्यात. आणि दारू. मित्रांची सहल आहे, मला कळतं. पण जिथे रात्री पाणी आहे तिथे दारू नको, आणि सकाळी राफ्टवर बसायचं असेल तर आदल्या रात्रीही नको. आदल्या रात्री प्यायलेल्या माणसाला मी राफ्टवर घेत नाही, मग त्याने पैसे भरलेले असोत.

ऑपरेटर निवडताना भावावरून सुरुवात करू नका. भाव हंगाम, कॅम्प आणि गटाच्या आकाराप्रमाणे बदलतात, म्हणून मी आकडा लिहीत नाही. पण स्वस्त पॅकेजमध्ये काय कमी केलेलं असतं ते सांगतो: सुरक्षा कयाक. राफ्ट उलटली तर पाण्यातल्या माणसापर्यंत आधी पोहोचतो तो कयाकवाला, आणि ग्राहकाला फोटोत तो दिसत नाही म्हणून त्याच्यावरच काटकसर होते. विचारा की कयाक आमच्याबरोबर असेल का, की ‘गरज पडली तर’. किमान दोन राफ्ट एकमेकींच्या नजरेत चालतील का तेही विचारा, दुसरी दुसऱ्या गटाची असली तरी चालेल. उत्तराखंड पर्यटन विभागाचा परवाना, गाइडचं बचाव आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, विमा. पाणी वाढलं आणि सहल रद्द झाली तर पैशांचं काय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. पैसे परत करायची तयारी असलेला माणूस धोकादायक पाण्यात बोट घालत नाही.

रक्तदाबाच्या मित्राला त्याच्या डॉक्टरकडे पाठवा आणि ‘फिरायला जातोय’ एवढंच न सांगता गार पाणी, दमछाक आणि दचकणं या तिन्हींचा उल्लेख करायला सांगा. कोणाला फिट्स येत असतील, हृदयाचा त्रास असेल, अलीकडे ऑपरेशन झालेलं असेल, तर राफ्टवर बसू नये. खांदा पूर्वी निखळलेला असेल तर तो वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा निखळू शकतो, आणि हे लोक सांगायला विसरतात, म्हणून मुद्दाम विचारा.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स आणि सुती बनियन ओले झाले की अंगाला गार चिकटून राहतात. खेळाडू घालतात तसली पॉलिस्टरची जर्सी आणि हाफ पँट आणा. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट, स्लिपर नको. उपरणं, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठ्या कॅम्पवर ठेवा. चष्मा असेल तर मागून नाडीने बांधा. नोव्हेंबरात घळीत ऊन लवकर जातं, त्यामुळे राफ्टवरून उतरल्या उतरल्या घालायचा कोरडा जोड, स्वेटर आणि कानटोपी गाडीतच हवी. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ एका हाताने कायम झाकून धरा, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेप्रवासाला घ्या, कॅम्पवर जेवण मिळतंच.

प्रवासाला सचखंड एक्सप्रेस सोयीची. लातूरकरांनी परभणीला चढावं, बाकीच्यांनी जालना किंवा संभाजीनगरला, आणि दिल्लीहून पुढे हरिद्वार-ऋषिकेश. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आसपास पहिल्या तासांतच संपतं. त्यामुळे क्रम असा लावा: आधी तलावावरच्या सकाळी, मग सप्टेंबरात कोलाड किंवा दांडेली, त्यानंतर कोण-कोण येणार ते पक्कं करून तिकिटं, आणि ऑपरेटरला आगाऊ रक्कम सगळ्यात शेवटी. तारखा पुढे-मागे होणार असतील तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडाही चालेल, थंडी थोडी जास्त असेल एवढंच.

तलावावर तिघांनी जॅकेट घालून पाण्यात उतरल्यावर काय झालं ते इथे कळवा. कोण शांत राहिलं, कोणी काठ सोडलाच नाही, विहिरीवाल्या मित्राने प्रवाहाचं बोलणं कसं घेतलं, एवढं लिहिलंत तरी चालेल. कौडियालाचा तिसरा दिवस ठेवायचा की काढायचा, ते मी त्यावरून सांगू शकेन.